गेम अजून बनतोय, मग गेमरच्या मताला किंमत किती? पुण्यातल्या स्टुडिओपासून कारंज्यातल्या मोबाइलपर्यंत

सप्टेंबर २०२०. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने एक ट्रेलर दाखवला. २००३ साली गाजलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम नव्या रूपात येणार होता. भारतासाठी ही बातमी मोठी होती, कारण हे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. इतक्या नावाजलेल्या गेमची जबाबदारी भारतीय टीमकडे येणं दुर्मीळ होतं. गेम येण्याची तारीखही जाहीर झाली: २१ जानेवारी २०२१.

पण ट्रेलर आला आणि काही तासांतच जगभरातले गेमर तुटून पडले. चेहरे जुनाट वाटतात, प्रकाश सपाट दिसतो, हा गेम दहा वर्षांपूर्वीचा वाटतो, असा सूर लागला. आधी तारीख मार्च २०२१ वर गेली. मग गेम बेमुदत लांबला आणि तेव्हा कंपनीने चाहत्यांकडून आलेल्या प्रतिसादाचा उल्लेख केला. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे देण्यात आलं. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे पहिल्या जाहीर तारखेला पाच वर्षं होत असताना, युबिसॉफ्टने हा गेम रद्दच केला.

म्हणजे एक गेम, जो कुणीही पूर्ण खेळला नाही, त्यावर लाखो लोकांनी मत दिलं आणि त्यानंतर त्याची दिशाच बदलली. हा गेम बुडण्याचं कारण फक्त ट्रेलरवरची टीका होती असं म्हणता येणार नाही. कंपनीची आर्थिक ओढाताण आणि बदललेली धोरणंही त्यात होती. पण एक गोष्ट उघड झाली: तयार होत असलेल्या गेमवरचं गेमरचं मत ही आता नुसती टाइमपास चर्चा राहिलेली नाही.

मग प्रश्न येतो, हे मत द्यायचं कशाच्या जोरावर? ते कंपनीपर्यंत पोहोचतं कसं? आणि पुण्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर लांब, वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडमध्ये बसून मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या मताला त्यात काही जागा आहे का?

‘तयार होत असलेला गेम’ म्हणजे नेमकं काय?

सिनेमाचं उदाहरण घेऊ. सिनेमाचा टीझर येतो तेव्हा बहुतेक वेळा शूटिंग झालेलं असतं. गेमचं तसं नसतं. गेमचा पहिला ट्रेलर येतो तेव्हा अनेकदा गेमचा मोठा भाग बनायचाच असतो. त्यामुळे आपण नेमकं काय पाहतोय हे आधी ओळखावं लागतं.

पहिला प्रकार सिनेमॅटिक ट्रेलरचा. हा बहुतेक वेळा वेगळा बनवलेला ॲनिमेशनपट असतो. त्यावरून कथा, वातावरण आणि पात्रं कळतात. गेम खेळायला कसा आहे, हे त्यातून कळत नाही.

दुसरा प्रकार गेमप्ले डेमोचा. यात प्रत्यक्ष खेळतानाचं दृश्य असतं. पण बऱ्याचदा एकच तुकडा घासूनपुसून तयार केलेला असतो आणि तो ताकदवान कॉम्प्युटरवर चालवून दाखवतात. युबिसॉफ्टच्याच ‘वॉच डॉग्ज’ या गेमचं २०१२ मध्ये दाखवलेलं दृश्य आणि २०१४ मध्ये हातात आलेला गेम यांतल्या फरकावर जोरदार वाद झाला होता.

तिसरा टप्पा अल्फा. गेमचे मुख्य भाग जोडलेले असतात, पण बरंच काही तात्पुरतं असतं. हे सहसा कंपनीच्या आतच राहतं. चौथा टप्पा बीटा. गेम जवळपास उभा असतो, चुका शोधायच्या असतात आणि सर्व्हरवर ताण देऊन पाहायचा असतो. निवडक लोकांना बोलावलं तर क्लोज्ड बीटा, सगळ्यांना दार उघडलं तर ओपन बीटा.

पाचवा प्रकार अर्ली ॲक्सेस. यात अपुरा गेमच विकत मिळतो. तो खेळता खेळता लोक प्रतिक्रिया देतात आणि कंपनी तो पूर्ण करत जाते. ‘स्टीम’ या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाने २०१३ मध्ये ही सोय सुरू केली.

या पाचही टप्प्यांवर मत देता येतं, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं वजन वेगळं असतं. सिनेमॅटिक ट्रेलर पाहून ‘कंट्रोल्स भंगार आहेत’ म्हणणं हवेतलं आहे. तेच वाक्य बीटा खेळून म्हटलं तर ते उपयोगाचं आहे.

अर्धवट गेम बघून निकाल दिला तर काय होतं?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘जीटीए ६’चं. सप्टेंबर २०२२ मध्ये रॉकस्टार कंपनीच्या या गेमचे सुमारे ९० व्हिडिओ चोरीला जाऊन इंटरनेटवर आले. त्यात पात्रं ओबडधोबड होती आणि स्क्रीनवर डेव्हलपरसाठीचे आकडे व खुणा दिसत होत्या. ते पाहून काही जण म्हणाले, ‘एवढी वर्षं काम करून हेच?’ गेममध्ये ग्राफिक्स तर आधीच पूर्ण होतात, असाही दावा झाला.

यावर इतर कंपन्यांच्या डेव्हलपरांनी मजेशीर उत्तर दिलं. ‘कंट्रोल’ आणि ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’सारख्या नावाजलेल्या गेमच्या टीमच्या लोकांनी आपापल्या गेमची सुरुवातीची दृश्यं स्वतःहून टाकली. कुठे नुसते करडे ठोकळे, कुठे हातपाय धड न हलणारी पात्रं. घराचा स्लॅब पडण्याआधी रंग कसा आहे हे विचारू नये, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

डिसेंबर २०२३ मध्ये जीटीए ६ चा अधिकृत ट्रेलर आला तेव्हा लीकमधल्या दृश्यांवरून काढलेले निष्कर्ष किती घाईचे होते ते दिसलं. अर्थात ट्रेलरही पूर्ण गेम नाही. हा गेम आधी २०२५ मध्ये येणार होता. मग २६ मे २०२६ ही तारीख आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलली गेली.

तारीख लांबली की गेमर चिडतात. पण उशीर हे स्वतः चांगलं-वाईट लक्षण नसतं. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ १९९७ मध्ये जाहीर झाला, २०११ मध्ये आला आणि लोकांची निराशा झाली. ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ २०१९ मध्ये जाहीर झाला, ४ सप्टेंबर २०२५ ला आला आणि त्या दिवशी खरेदीच्या गर्दीने ऑनलाइन दुकानंच कोलमडली. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या जागी ब्रॉडगेज कधी येणार, याची वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या कारंजेकरांना हे वेगळं सांगायला नको. जाहीर झालेली तारीख आणि प्रत्यक्ष झालेलं काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

टीकेमुळे गेम सुधारतो का?

काही वेळा नक्की सुधारतो. जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘हेलो इन्फिनिट’चा गेमप्ले दाखवला. त्यातल्या एका शत्रूचा भावशून्य चेहरा एवढा विनोदी दिसत होता की गेमरांनी त्याला ‘क्रेग’ असं नाव ठेवून त्याची मीम्स केली. पुढच्याच महिन्यात गेम लांबणीवर गेला. कंपनीने कोविडसह इतर अडचणीही सांगितल्या होत्या. वर्षभराहून जास्त काम करून तो डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा दृश्यांचा दर्जा बराच सुधारला होता.

‘बाल्डर्स गेट ३’चं उदाहरण आणखी शिकवणारं आहे. २०२० च्या सुरुवातीला दाखवलेल्या डेमोत पात्राने काय बोलायचं याचे पर्याय थेट संवादासारखे नव्हते. आपण काय बोललो याचं वर्णन केल्यासारखी ती भूतकाळातली वाक्यं होती. गेमरांना ते खटकलं. बोलतोय मी, मग गोष्ट सांगितल्यासारखं का? लॅरियन स्टुडिओने ते बदलून थेट संवाद ठेवले. मग ऑक्टोबर २०२० मध्ये गेमचा पहिला अंक अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि जवळपास तीन वर्षं लोक तो खेळत, तक्रारी करत राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला आणि त्या वर्षीचे मोठे पुरस्कार घेऊन गेला.

आता ‘सायबरपंक २०७७’ बघू. २०१८ मध्ये कंपनीने जवळपास पाऊण तासाचा गेमप्ले दाखवला आणि लोक वेडे झाले. २०२० मध्ये तारीख तीनदा बदलली. ऑक्टोबरमध्ये तर डेव्हलपरांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. १० डिसेंबर २०२० ला गेम आला आणि जुन्या कन्सोलवर तो इतका खराब चालत होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. लाँचच्या आधी बहुतेक परीक्षकांना गेम ताकदवान कॉम्प्युटरवरच खेळायला मिळाला होता. साध्या जुन्या मशीनवर तो कसा चालतो, हे लोकांना पैसे दिल्यानंतर कळलं.

कारंज्यातल्या गेमरचा प्रश्न नेमका इथून सुरू होतो.

‘फौजी’ला काय झालं होतं?

भारतात बहुतांश लोक मोबाइलवर खेळतात. कन्सोल आणि गेमिंग कॉम्प्युटर महाग आहेत. त्यामुळे इथली मोठी उदाहरणंही मोबाइल गेमचीच आहेत.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. दोन दिवसांत अभिनेता अक्षय कुमारने ‘फौजी’ या भारतीय गेमची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नाचा २० टक्के हिस्सा ‘भारत के वीर’ निधीला जाईल, असंही जाहीर झालं. पूर्वनोंदणी सुरू झाल्यावर २४ तासांत १० लाखांहून जास्त लोकांनी नोंद केली. लोकांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की हा आपला पबजी.

२६ जानेवारी २०२१ ला गेम आला. त्यात बॅटल रॉयल नव्हतंच. गलवान खोऱ्यावर आधारलेली एकट्याने खेळायची मोहीम होती आणि लढाई बंदुकीऐवजी हातांनी व हाती लागेल त्या हत्यारांनी होती. सुरुवातीला रेटिंग वर होतं, मग ते झपाट्याने घसरलं.

इथे चूक कुणाची? गेमरांनी न पाहिलेल्या गेमवर अपेक्षांचे इमले बांधले, हे खरं. पण गेममध्ये काय आहे आणि काय नाही हे लोकांनी लाँचआधी खेळून पाहावं, अशी मोठी संधीही मिळाली नव्हती. पूर्वनोंदणीतून कंपनीला आकडा मिळाला, मत मिळालं नाही. आणि देशप्रेमाच्या भरात दिलेले पाच तारे गेम कसा आहे हे सांगत नाहीत, तसाच रागात दिलेला एक ताराही सांगत नाही.

या अनुभवानंतर याच मालिकेतल्या ‘फौजी : डॉमिनेशन’च्या वेळी रीत बदलली. आधी बीटा चाचण्या झाल्या आणि मग ३० जानेवारी २०२५ ला गेम आला.

पुण्यातल्या गेमचं काय?

पुणे हे भारतातल्या गेम निर्मितीचं एक महत्त्वाचं केंद्र आहे. सुपरगेमिंग ही पुण्याची कंपनी. ‘मास्कगन’ हा तिचा आधीचा गाजलेला मोबाइल गेम. २०२२ मध्ये तिने ‘इंडस’ या बॅटल रॉयलची घोषणा केली. भारतीय मिथकं आणि भविष्यातलं विज्ञान यांचं मिश्रण, अशी त्याची कल्पना होती. २०२३ मध्ये गूगल प्लेवर पूर्वनोंदणी सुरू झाली, त्याच वर्षी क्लोज्ड बीटा झाला. पूर्वनोंदणीचा आकडा लाँचआधीच एक कोटीच्या पुढे गेला. १६ ऑक्टोबर २०२४ ला गेम सगळ्यांसाठी आला.

म्हणजे घोषणा आणि लाँच यांत दोन वर्षांहून जास्त काळ गेला. या काळात गेमरांचे दोन गट दिसत होते. एक म्हणायचा, ‘भारतीय गेम आहे, सांभाळून घ्या.’ दुसरा म्हणायचा, ‘बीजीएमआय आणि फ्री फायरच्या जवळपासही नाही.’ दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. पण डेव्हलपरला या दोन्ही वाक्यांतून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट वेगळी आहे. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी टीमने काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. लोकांनी दृश्यांचं आणि भारतीय वातावरणाचं कौतुक केलं, लढाईच्या भागावर मात्र टीका केली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत सुधारणा झाल्या आणि हिंदी आवाजही आला. आता याच मालिकेतला ‘राजी : कलियुग’ जाहीर झाला आहे.

किकस्टार्टरवर लोकांनी पैसे दिले नाहीत, हेही एक प्रकारचं मतच होतं. ते मत शेवटचं मानलं असतं तर ‘राजी’ आलाच नसता.

मग कारंज्याच्या मताची गरज कुणाला?

समजा, कारंज्यातला बारावीतला एक मुलगा आहे. हातात चार जीबी रॅमचा तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन. घरी वायफाय नाही, रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे. रात्री आठनंतर सगळं गाव मोबाइलवर असतं तेव्हा नेट मंदावतं. मे महिन्यात विदर्भाचं तापमान ४० अंशांच्या वर असतं आणि फोन हातात धरवत नाही.

गेम बनवणाऱ्या टीमसाठी ही माहिती मोलाची आहे. स्टुडिओत चांगले फोन असतात, वेगवान वायफाय असतं, एसी असतो. तिथे फोन तापत नाही. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. दहा मिनिटांच्या चाचणीत हे दिसत नाही, सलग तिसऱ्या मॅचला दिसतं.

दुसरी गोष्ट पिंगची. फोनवरून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. आपण गोळी आधी झाडली तरी समोरचाच जिंकला, असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. मोठ्या शहरातल्या फायबरवर आणि गावातल्या मोबाइल टॉवरवर पिंग वेगळा पडतो. तिसरी गोष्ट अपडेटच्या आकाराची. दोन जीबीचं अपडेट म्हणजे शहरात पाच मिनिटं आणि इथे पूर्ण दिवसाचा डेटा.

ज्या गेमचा ग्राहक असा असणार आहे, त्याचा बीटा फक्त पुणे-मुंबई-बेंगळुरूच्या उत्साही गेमरांनी आणि महागडे फोन वापरणाऱ्या स्ट्रीमरांनी खेळला, तर सायबरपंकच्या वेळी झालं तेच लहान प्रमाणात घडतं. अडचण लाँचनंतर कळते. तोवर रेटिंग पडलेलं असतं आणि लोक परत जुन्या गेमकडे गेलेले असतात.

मत कंपनीपर्यंत पोहोचवायचं कसं?

गूगल प्लेवर काही गेम ‘अर्ली ॲक्सेस’ किंवा ‘बीटा’ म्हणून दिसतात. त्यात सहभागी झालात तर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया सगळ्यांना दिसत नाही, ती थेट डेव्हलपरकडे जाते. त्यामुळे तिथे चार लोकांत भाव खाण्यासारखं लिहिण्यात अर्थ नाही. नेमकं लिहिण्यात आहे.

‘गेम बकवास आहे, फोन हँग होतो’ हे वाक्य वाचून डेव्हलपर काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘चार जीबी रॅम, अमुक मॉडेल, ग्राफिक्स सगळ्यात कमी ठेवलेत. तिसऱ्या मॅचनंतर फोन तापतो. पॅराशूटने खाली उतरताना दोन-तीन सेकंद स्क्रीन थिजते. मोबाइल डेटावर होतं, वायफायवर होत नाही. सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं आहे.’ यावर टीमला शोध घेता येतो.

यात चार गोष्टी आल्या: फोन कोणता, काय करत होता, काय झालं आणि पुन्हा तसंच केल्यावर पुन्हा होतं का. गेम कंपन्यांत चाचणी करणाऱ्यांना पगार मिळतो तो असंच नेमकं पाहण्याचा आणि लिहिण्याचा. ज्याला पुढे या क्षेत्रात काम करायचं आहे, त्याच्यासाठी हा फुकटचा सराव आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसह या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं आहे. त्यातल्या नोकऱ्या पुण्या-मुंबईपुरत्या राहतात की आणखी पुढे पोहोचतात, हे बघायचं आहे.

भाषेचं मतही द्यायला हरकत नाही. गेममधल्या सूचना मराठीत हव्यात, हे लाँचनंतर म्हणून फारसा उपयोग नसतो. मजकूर बनत असतानाच मागणी दिसली तर खर्चाचं गणित मांडता येतं.

पैसे आणि फसवणूक: काय सांभाळायचं?

पूर्वनोंदणी आणि प्री-ऑर्डर यांत घोळ होतो. पूर्वनोंदणी फुकट असते, गेम आला की फोनवर सूचना येते एवढंच. प्री-ऑर्डरमध्ये पैसे आधी द्यावे लागतात. स्टीमवर प्री-ऑर्डर केलेल्या गेमचे पैसे लाँचआधी कधीही परत मागता येतात. लाँचनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परतावा मिळतो. अर्ली ॲक्सेसचा गेम घेताना तो आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्यावा. पुढे पूर्ण होईलच, याची हमी कुणी देत नाही. ‘स्टार सिटिझन’साठी २०१२ पासून लोकांनी कोट्यवधी डॉलर दिले आणि २०२५ संपलं तरी पूर्ण गेम आलेला नव्हता.

जीटीए ६ च्या नावाने ‘मोबाइल बीटा’च्या लिंक फिरतात. हा गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठीच जाहीर झाला आहे, मोबाइलसाठी नाही. त्यामुळे अशी कुठलीही एपीके फाइल म्हणजे फसवणूकच समजायची.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. खऱ्या बीटामध्ये कंपनीला तुमची चाचणी हवी असते, तुमची ‘एंट्री फी’ नाही. ‘पैसे भरा, टेस्टिंग करा, जिंका’ असं कुणी म्हणत असेल तर लांब राहावं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, तर ई-स्पोर्ट्सना मान्यता आहे. घरच्यांना ‘गेमिंग’ म्हटलं की दोन्ही एकच वाटतं. फरक समजावून सांगायला हा मुद्दा कामाला येतो.

गेमर नेहमी बरोबर असतो का?

नाही. ट्रेलरखाली सगळ्यात जोरात बोलणारे लोक आणि गेम रोज खेळणारे लोक वेगळे असू शकतात. मोठ्या स्ट्रीमरने ‘फ्लॉप’ म्हटलं की हजारो जण तेच म्हणतात, त्यातल्या बहुतेकांनी गेम उघडलेलाही नसतो. खेळाडूला अडचण नेमकी जाणवते, पण त्यावर तो सुचवतो तो उपाय बरोबर असेलच असं नाही. ‘ही बंदूक फार कमजोर आहे’ ही तक्रार खरी असू शकते, पण कारण बंदुकीची ताकद नसून तिचा आवाज बेताचा आहे, असंही निघू शकतं. ते शोधणं डेव्हलपरचं काम.

आणि टीका कामावर राहावी. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या ट्रेलरनंतर काही शेरे गेमवर न राहता भारतीय टीमच्या कुवतीवर गेले. चेहऱ्यावरचा प्रकाश सपाट आहे, ही सूचना टीमला दुरुस्त करता येते. ‘तुम्हाला जमणारच नाही’ यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. कंपन्यांचीही जबाबदारी आहेच. काय दाखवतोय, ते किती तयार आहे आणि कोणत्या मशीनवर चालतंय, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं तर अर्धे गैरसमज होणार नाहीत.

पुढच्या काळात ‘राजी : कलियुग’ आहे. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओने मानवी तस्करीच्या विषयावर ‘मुक्ती’ जाहीर केला आहे. अमिताभ बच्चन आणि लेखक अमीश यांचं नाव जोडलेल्या तारा गेमिंगने ‘द एज ऑफ भारत’ची घोषणा केली आहे. यातले बहुतेक कन्सोल किंवा कॉम्प्युटरचे गेम आहेत, तर कारंज्यासारख्या गावांत जास्तीत जास्त जण मोबाइलवर खेळतात. त्यामुळे मोबाइलवरच्या पुढच्या एखाद्या भारतीय गेमच्या बीटाचं दार उघडेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात चार जीबीच्या फोनवरून, मंद नेटवरून आलेल्या नेमक्या तक्रारी किती असतील, यावर बरंच काही अवलंबून असेल. तोच गेम लाँचनंतर त्याच फोनवर अडखळला, तर हातात उरतो तो फक्त तारे द्यायचा पर्याय.